प्लेगची लस आणि पुराव्याची कसोटी

मांडवी हा मुंबई बंदराला लागून असलेला वखारींचा भाग. खाली धान्याच्या गोण्यांनी भरलेली गोदामे आणि वर अंधाऱ्या खोल्यांतून दाटीवाटीने राहणारी माणसे. १८९६ चा पावसाळा सरता सरता इथे उंदीर मरून पडू लागले आणि त्यांच्या मागोमाग माणसे तापाने फणफणू लागली. डोळे लाल व्हायचे, जीभ जड व्हायची, दारू प्यायल्यासारखा तोल जायचा. जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ यायची. पुष्कळ रोगी आठवडाही काढत नसत.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीत सांगितले की मांडवीत पसरतो आहे तो गाठीचा प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. मांडवीत त्यांचा दवाखाना होता आणि रोगी त्यांनी स्वतः तपासलेले होते. तरीही हे निदान उच्चारायला धैर्य लागत होते. मुंबईत प्लेग आहे असे जाहीर झाले, की जगभरची बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार आणि कापूस, धान्य, गिरण्या यांचा सगळा व्यवहार बसणार, हे प्रत्येकाला कळत होते. म्हणूनच निदान डोळ्यांना दिसेल अशा पुराव्याने पक्के करणे भाग होते.

तसा पुरावा मिळवण्याची सोय दोनच वर्षांपूर्वी झाली होती. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन आणि शिबासाबुरो कितासातो यांनी प्लेगचा जंतू ओळखला होता. रोग्याच्या गाठीतला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करता येऊ लागली होती. हे काम जाणणारा माणूस त्या वेळी हिंदुस्थानातच होता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

एक खोली आणि एक व्हरांडा

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसात एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात ते इल्या मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून ते हिंदुस्थानात गावोगाव, चहाच्या मळ्यांत, पलटणींत फिरून ती लस टोचत होते. टोचून घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांचाही हिशेब ठेवायचा, ही सवय त्यांना याच काळात लागली. मुंबईत पुढे घडलेल्या सगळ्या गोष्टी या सवयीतून निघाल्या.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. भायखळ्यातले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झालेले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय. कॉलेजच्या फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेत हाफकिन यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या साधनांनिशी जगातली पहिली प्लेगची लस बनवायची होती.

पहिला प्रश्न जंतू भरपूर प्रमाणात वाढवण्याचा होता. युरोपात त्यासाठी सहसा गोमांसाचा अर्क वापरत. हिंदुस्थानात लोकांच्या अंगात जाणाऱ्या औषधात गाईचे किंवा डुकराचे काही असून चालणार नव्हते. म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस आम्लात विरघळवून त्याचा अर्क घेतला. काचेच्या चंबूत तो भरून वर तुपाचे थेंब सोडले. तूप अर्कावर तरंगे. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना खालून चिकटून वाढत आणि चंबूत बारीक पांढऱ्या सरी मुंडावळ्यांसारख्या लोंबू लागत. पुरेशी वाढ झाली की चंबू हलवायचा. सरी तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली पुन्हा नव्या फुटत. असे पाच-सहा आठवडे चाले. अशी लोंबती वाढ हीच प्लेगच्या जंतूची ओळख असल्याने चंबूत दुसरे काही शिरले आहे का, तेही नजरेने कळे. शेवटी चंबू तापवून जंतू मारायचे आणि लस टिकावी म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे.

या लसीमागे हाफकिन यांचा एक विचार होता. त्यांच्या मते मेलेल्या जंतूंच्या शरीरांमुळे रोग व्हायचा टळेल, आणि अर्कात उतरलेल्या विषामुळे, रोग झालाच तर त्याची तीव्रता कमी होईल. म्हणून गाळलेला अर्क किंवा नुसते जंतू असे न घेता त्यांनी दोन्ही एकत्र ठेवले.

तीन महिने काम अहोरात्र चालले. बाहेर रोज माणसे मरत होती. या ताणाने एक सहायक मनाने खचला आणि दोघे काम सोडून गेले. सशांवरच्या प्रयोगांत लस उपयोगी पडते असे दिसल्यावर, १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी कॉलेजातल्या एका डॉक्टरकडून ती स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घन सेंटिमीटर. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या ती तिपटीहून जास्त होती. कडक ताप आला, टोचल्या जागी खूप दुखले, आणि काही दिवसांत उतरले. लस माणसाला मारत नाही एवढे यातून सिद्ध झाले. ती माणसाला वाचवते का, हा प्रश्न तसाच उभा होता.

भायखळ्याचा तुरुंग

त्याचे उत्तर कॉलेजपासून जवळच, भायखळ्याच्या तुरुंगात मिळाले. जानेवारीच्या अखेरीस तिथे प्लेग शिरला. कैदी एकाच छपराखाली राहत, एकच अन्न खात, आणि रोजची हजेरी सरकारी वहीत लिहिलेली असे. शहरातल्या धावपळीत जी तुलना करता आली नसती, ती इथे करता येणार होती. सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने लस टोचून घेतली. उरलेले, म्हणजे सुमारे पावणेदोनशे, टोचल्याशिवाय राहिले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला आणि दोघेही बरे झाले.

आकडे लहान होते आणि हाफकिन यांनाही ते ठाऊक होते. शिवाय एक शंका रास्त होती. स्वतःहून पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट असतील, तर फरक लसीमुळे पडला असे म्हणता येणार नाही. ही शंका दूर करायची तर माणसांची निवड प्रकृतीच्या आणि इच्छेच्या बाहेर न्यायला हवी. १८९८ च्या सुरुवातीला मुंबईच्या उमरखाडी तुरुंगात साथ आली तेव्हा कैद्यांचे निवडानिवड न करता दोन भाग करून एका भागाला लस दिली गेली. न टोचलेल्यांत १० जण आजारी पडले आणि ६ मेले. टोचलेल्यांत ३ आजारी पडले आणि एकही दगावला नाही.

जबरदस्तीची वाट

प्रयोगशाळेत हे चालले असताना शहरात सरकारने वेगळीच वाट धरली होती. ऑक्टोबर १८९६ मध्येच महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. घरातले माणूस उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेले, की ते परत येणार नाही असे लोक धरून चालत, आणि अनेकदा तसेच होई. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात, अशी आवई उठली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि सक्ती काही काळ सैल करावी लागली. पण लोक शहरात थांबले नाहीत. १८९१ च्या शिरगणतीनुसार आठ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मे रिकामे झाले. आगगाड्या, गलबते आणि पायवाटांनी माणसे कोकणात, देशावर, गुजरातेत गेली आणि पुष्कळदा प्लेगही त्यांच्याबरोबर गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याने सरकारला कोणाचेही घर तपासण्याचे, कोणालाही अडकवून ठेवण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. देवघरापर्यंत, माजघरापर्यंत जाऊन बायकामाणसांची तपासणी, सामानाची जाळपोळ, भिंतींची पाडापाड, यांनी शहर पेटले. टिळकांनी ‘केसरी’तून या कारभारावर कोरडे ओढले आणि त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या रोग्यांसाठी हिंदूंचे वेगळे रुग्णालय उभे केले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच पुण्यात त्या आधी काही महिने दुसरे एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या दत्तक मुलाला, यशवंतरावांना, बोलावून घेतले. हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू झाला. सावित्रीबाई रोग्यांना तिथे नेत आणि त्यांची शुश्रूषा करत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोक उपचारांना घाबरत नव्हते, बळजबरीला घाबरत होते, हे या दोन चित्रांतून स्पष्ट दिसते.

लस मात्र सरकारने सक्तीची केली नाही. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येई, दंड सुजे, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याची तेवढी मजुरी बुडे. तरीही लोक येत राहिले, कारण त्यांच्या ओळखीची, त्यांना विश्वास वाटणारी माणसे आधी टोचून घेत होती. तरुण आगाखान यांनी आपल्या इस्माइली खोजा अनुयायांसमोर स्वतः लस घेतली आणि आपली खुशरू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. हजारो खोजांनी त्यांच्यामागून लस घेतली. टोचल्याचा दाखला असला, की अलगीकरणाच्या जाचातून सूट मिळू लागली, तेव्हा लसीची मागणी आणखी वाढली.

दमण आणि उंडेरा

तुरुंगाबाहेरची पहिली मोठी परीक्षा पोर्तुगीज सत्तेखालच्या दमणमध्ये झाली. मार्च ते जून १८९७ या काळात तिथे प्लेगने कहर केला. हाफकिन यांनी पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या आकड्यांनुसार, खालच्या दमणमधल्या २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांपैकी ३६ मेले. ६,०३३ लोकांनी घेतली नाही, त्यांपैकी १,४८२ मेले. न टोचलेल्यांत दर चार माणसांमागे जवळजवळ एक गेला.

तरीही हिशेब निर्दोष नव्हता. लस घेणारे लोक बरे खाणारे, बऱ्या घरात राहणारे असतील, तर? याचे उत्तर बडोदे संस्थानातल्या उंडेरा गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये शोधले गेले. ही परीक्षा जरा जवळून पाहण्याजोगी आहे.

गावात प्लेग आलेला होता. गावकऱ्यांची घरवार यादी केली गेली. मग एकेका घरातली माणसे समोर बोलावली. प्रत्येक घरातले पुरुष, बायका, मुले, सशक्त आणि अशक्त यांचे शक्य तितके सारखे दोन भाग केले, आणि एका भागाला टोचले. एकाच चुलीवरचे अन्न खाणारी, एकाच छपराखाली झोपणारी, त्याच उंदरांच्या सोबतीत राहणारी माणसे दोन्ही बाजूंना आली. गरिबी, घराची जागा, खाणेपिणे, सवयी, या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे सारख्या झाल्या. फरक राहिला तो फक्त लसीचा. काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांची समिती घरोघर गेली आणि प्रत्येक घरात कोण आजारी पडले, कोण गेले, याची चौकशी करून नोंद केली.

ज्या घरांत प्लेग शिरला होता त्यांत न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. टोचलेली ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ मेली. म्हणजे त्याच घरांत, त्याच काळात, न टोचलेल्यांत शंभरी चाळीस माणसे गेली आणि टोचलेल्यांत शंभरी चार.

इतका स्वच्छ पुरावा त्या काळी जगातल्या फार थोड्या औषधांपाठी होता. आजच्या औषध-चाचण्यांत रोगी चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. उंडेऱ्यात चिठ्ठ्या नव्हत्या, पण दोन्ही बाजू सारख्या असल्या पाहिजेत हे तत्त्व तेच होते. आणि आज जो प्रश्न कोणतीही नीतिसमिती सर्वांत आधी विचारेल, तो तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही. लस उपयोगी पडते असे तुरुंगांत आणि दमणला दिसून आलेले असताना निम्म्या घराला ती न देणे योग्य होते का? ती २६ माणसे आज आकड्यांत उरली आहेत. त्यांच्या मरणाने पुरावा पुरा झाला, हे विसरून उंडेऱ्याचे कौतुक करता येणार नाही.

आर्थर रोडची खाट

लस निरोग्यासाठी. ज्याला गाठ आली आहे त्याचे काय? त्या प्रश्नाचा शोध आर्थर रोडच्या रुग्णालयात चालला होता. तिथे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी प्लेगचे रोगी सांभाळत होते. लोकांनी दगड मारलेल्या त्याच रुग्णालयात त्यांनी साथीची वर्षे काढली.

युरोपातले शास्त्रज्ञ तेव्हा प्लेगवरचा रक्तरस घेऊन मुंबईत येत होते. घोड्यांना जंतू टोचून, त्यांच्या रक्तातून काढलेला हा रस रोग्याला द्यायचा. येर्सिन स्वतः १८९७ मध्ये आपला रस घेऊन आले होते. इटलीतल्या फ्लॉरेन्सहून अलेस्सांद्रो लुस्तिग यांचा रस आला. प्रत्येकाला आपल्या रसाने रोगी वाचले असे वाटत होते. अडचण अशी, की प्लेगचे काही रोगी कोणतेही औषध न देताही बरे होत, आणि साथ ओसरू लागली की मृत्यूंचे प्रमाणही उतरे. डॉक्टरने रस द्यायला बऱ्या लक्षणांचे रोगी निवडले, तर रस उत्तम ठरणारच.

चोक्सी यांनी लुस्तिग यांच्या रसाची परीक्षा करताना दाखल होणाऱ्या रोग्यांपैकी एकाआड एकाला रस दिला आणि दोन्ही गटांची नोंद ठेवली. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे खाटेशेजारी उभ्या डॉक्टरच्या मर्जीवर राहिले नाही. एका हिंदी डॉक्टरने मुंबईच्या साथीच्या रुग्णालयात ही शिस्त विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाळली, याचा अभिमान वाटावा. उत्तर मनासारखे आले नाही. रक्तरसाने थोडाफार फायदा दिसला, पण प्लेग बरा करणारे औषध म्हणून तो टिकला नाही. आशेवर पाणी पडले तरी खरे उत्तर मिळाले, हेही संशोधनाचे फळच आहे. प्लेगचा रोगी खात्रीने बरा होण्यासाठी सल्फा औषधे आणि स्ट्रेप्टोमायसिन यांची वाट १९४० च्या दशकापर्यंत पाहावी लागली.

परळचे सरकारी भवन

१८९८-९९ मध्ये एडिंबरोचे टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन प्लेग कमिशन नेमले गेले. कमिशनने हाफकिन यांच्या आकड्यांची कडक छाननी केली. अनेक ठिकाणच्या नोंदी ढिल्या आहेत, लसीची मात्रा एकसारखी नाही, असे दोष दाखवले. पण लसीमुळे प्लेग होण्याचे आणि प्लेगने मरण्याचे प्रमाण निश्चित घटते, हा निष्कर्षही दिला. ज्याने कसून तपासले त्यानेच मान्य केले, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आले.

कॉलेजातली खोली केव्हाच अपुरी पडली होती. मलबार हिल, मग खुशरू लॉज, असे करत १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचे उद्‌घाटन केले. एकेकाळी गव्हर्नर राहत होते त्या दालनांत आता चंबूंच्या रांगा लागल्या.

प्लेग कसा पसरतो हे कोडे याच काळात सुटत होते. मुंबईच्या साथीतही काम केलेले फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरून उतरलेली पिसू रोग पसरवते. सुरुवातीला बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. पुढे परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासूनच्या प्लेग संशोधन मंडळाने ते पक्के केले. म्हणजे रँड यांच्या सोल्जरांनी माणसांच्या गळ्यातून, काखेतून जो प्लेग शोधला, तो मुख्यतः उंदरांच्या बिळात होता. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या टाकून राहायचे, ही आपल्याकडच्या खेड्यांनी धरलेली रीत सरकारी तपासणीपेक्षा शहाणपणाची ठरली.

मुल्कोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग वाढला आणि तिथल्या सरकारने प्रचंड प्रमाणावर लसीकरण योजले. परळहून इतकी लस पुरवायची तर काम वेगाने व्हायला हवे. हाफकिन यांनी पाश्चर संस्थेच्या पद्धतीला धरून कृती बदलली आणि कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्याच गुजरात नावाच्या जिल्ह्यातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचले होते. आठवड्याभरात त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली. धनुर्वाताचे जंतू बाटलीत परळलाच शिरले असावेत, असे समितीने ठरवले, आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना संचालकपदावरून दूर केले गेले. स्वतःच्या हाताने उभी केलेली प्रयोगशाळा सोडून ते युरोपला गेले.

पण कागदपत्रांतच वेगळा पुरावा होता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. जंतू परळहून आले असते तर इतक्या आठवड्यांत बाटलीत वाढले असते आणि उघडल्याबरोबर उग्र वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही बाटली उघडताना जंतू शिरल्याची शक्यता मोठी मानली. हा पुरावा असूनही सरकारी निर्णय वर्षानुवर्षे बदलला नाही. ज्या माणसाने जन्मभर दोन्ही बाजू मोजूनच निष्कर्ष काढला, त्याच्या बाबतीत एकाच बाजूचे मोजले गेले.

अखेर मलेरियाचा वाहक डास शोधून काढणारे रोनाल्ड रॉस पुढे आले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात पुराव्यातली प्रत्येक कडी उलगडून हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही असे सांगितले होते. त्या वर्षाअखेर सरकारला माघार घ्यावी लागली. हाफकिन हिंदुस्थानात परतले, पण परळचे पद त्यांना मिळाले नाही. कलकत्त्याला दुय्यम स्वरूपाचे काम करून ते निवृत्त झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये त्यांचे निधन झाले. त्या आधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिले गेले होते.

हिशेब

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. तरीही १८९६ नंतरच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास माणसे प्लेगने गेली. लस सर्वांपर्यंत पोचली नाही, तिचे संरक्षण काही महिन्यांपुरते टिके, आणि फुप्फुसांच्या प्लेगवर तिचा उपयोग कमी होता. उंदीर आणि पिसू यांचा बंदोबस्त, बदललेली घरे आणि नंतरची औषधे, या सगळ्यांनी मिळून प्लेग हटला. लसीने प्लेग संपवला असे म्हणणे खरे नाही. तिने लाखो लोकांची मरणाची शक्यता घटवली, आणि ती किती घटवली हे मोजून दाखवले.

या काळाने आपल्याला दोन वारसे दिले. पहिला साथरोग कायदा. १८९७ चा तो कायदा सव्वाशे वर्षे टिकला आणि २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा बाहेर काढला गेला. दुसरा वारसा तुलनेचा, म्हणजे औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची सारख्या परिस्थितीत, प्रामाणिकपणे, उघड नोंद ठेवण्याचा. पहिल्या वारशाने लोक पळाले, लपले, चिडले. दुसऱ्याने, हळूहळू का होईना, लोक आपणहून पुढे आले. साथ आली की राज्यकर्त्यांना पहिला वारसा आधी आठवतो. आपण दुसऱ्याचा आग्रह धरला पाहिजे.

पुढच्या वेळी एखादे औषध, एखादा काढा, एखादी लस गुणकारी असल्याचे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर एवढेच विचारा: ती न घेतलेल्या तशाच माणसांचे काय झाले, आणि ते कोणी मोजले? भायखळ्याच्या तुरुंगात आणि उंडेऱ्याच्या घरांत हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्या औषधावर विश्वास ठेवण्याची घाई करू नका.